पोटतिडकीनं बोलणाऱ्या रंगुबाई

मांडवगण फराट्याच्या अलीकडं, भीमेच्या काठी एक लहान गाव आहे. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण या गोष्टीतली काही माणसं अजून तिथं आहेत. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले ती त्र्याहत्तर साली, दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा. मी फलटणची, कोर्स पुण्यात झालेला, ही पहिलीच नेमणूक. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. मी पोचले तेव्हा ओट्यावर एक उंच, काटक बाई झाडत होती. केरसुणी बाजूला ठेवून ती म्हणाली, "या नर्सबाई. तुमच्या आदीची बाई रडत गेली. तुमी रडू नगा. गाव वाईट न्हाई."

या रंगुबाई. आमच्या उपकेंद्रातल्या आया. वय पंचेचाळिशीच्या आसपास असेल. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती होती, तिथं त्या एकट्या राहायच्या. नवरा दौंडला रेल्वेत गँगमन होता, तो वारल्यावर मुलगा त्याच्या जागी लागला आणि तिकडंच राहिला. त्यांची आई गावाची सुईण होती, त्यामुळं बाळंतपणाचं काम रंगुबाईंच्या अंगवळणी पडलेलं. बाळंतपणाला त्यांना कुणाच्याही घरात थेट आतल्या खोलीपर्यंत नेत. बाई सुखरूप सुटली की त्या परत ओट्यावर, आणि चहाचा कपही वेगळा. त्याचं वाईट वाटतं का, असं मी एकदाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वाईट वाटून काय करू? त्यांचं लेकरू आदी माझ्याच हातात येतंय."

उपकेंद्राच्या कामांत एक काम घरोघर जाऊन बायांना कुटुंबनियोजनाचं सांगायचं होतं. ते काम माझं. मला चित्रांचा तक्ता दिला होता, काय बोलायचं तेही शिकवलं होतं. मी तक्ता उलगडला की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रंगुबाई नुसत्या सोबत यायच्या, पण एका दारात त्यांनी तक्ता माझ्या हातातून घेऊन गुंडाळून ठेवला आणि स्वतः बोलायला लागल्या.

त्या त्यांच्या थोरल्या बहिणीबद्दल बोलल्या. ताईबाई तिचं नाव. तिला वढू बुद्रुककडं दिली होती. आठव्या खेपेला ती गेली. "मी तिचा हात धरून बसले व्हते," रंगुबाई म्हणाल्या. "ती मला म्हनली, रंगू, मला आता दमच न्हाई. दम न्हाई म्हनत म्हनत गेली बया. पोरगं झालं ते बी गेलं. मागं सात लेकरं. त्यातली धाकटी दोन पुढल्या सालात गेली. कुनाला इचारलं व्हतं का तिला, की बाई, तुला किती हवीत?" बोलताना त्यांचा आवाज चढत नव्हता. उलट खाली जात होता, आणि डावा हात नकळत पोटावर जाऊन बसला होता. समोरच्या बाया हसायच्या थांबल्या. एक म्हातारी तर चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही.

त्यानंतर मी तक्ता नेणं सोडलं. रंगुबाई बोलायच्या आणि मी मागून औषधाची, तपासणीची माहिती द्यायची. ज्या घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, त्या घरांतल्या सुना दाराआड उभ्या राहून त्यांचं बोलणं ऐकायच्या. वर्षभरात आमच्या गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून बऱ्याच बाया शिरूरला जाऊन ऑपरेशन करून आल्या. कुणावर जबरदस्ती नव्हती, तो काळ अजून यायचा होता.

चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला शाळेच्या पटांगणात एक कार्यक्रम झाला. तालुक्याचे डॉक्टर आले होते. भाषणात ते म्हणाले, "रंगुबाईंसारखी पोटतिडकीनं बोलणारी बाई प्रत्येक गावात असती, तर आम्हाला यायची गरजच पडली नसती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगुबाई मात्र खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, लाजल्या. परत येताना वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "नर्सबाई, डाक्टर असं का म्हनले? माझं काय पोट दुखत न्हाई."

मी हसले, मग माझ्या लक्षात आलं की त्या खरंच विचारताहेत. त्यांच्या बोलण्यात तिडीक डोक्यात जाते, दाढेत जाते, रागानं मस्तकात जाते. पोटातली तिडीक म्हणजे दुखणं, बाळंतकळेच्या आसपासचं काहीतरी. मी सांगू लागले तसं मलाच तो शब्द नीट पाहावा लागला. आवेश व्यासपीठावर चढून आणता येतो. हिरीरीनं माणूस भांडतो, खेळतो, त्यात जिंकायची हौस असते. तळमळ एकट्याची असते, अंथरुणावर कूस बदलणाऱ्याची. पोटतिडीक म्हणजे आपल्याला आतून इतकं लागलेलं असतं की समोरच्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यात आपल्याला मिळवायचं काहीच नसतं, समोरच्याचं भलं व्हावं एवढंच असतं. शाळेत बाईंनी वाक्यात उपयोग करायला सांगितलं होतं तेव्हा मी 'पुढारी पोटतिडकीने बोलले' असं काहीतरी लिहून मोकळी झाले होते.

"म्हंजी पोटातली कळ दुसऱ्याच्या पोटात जाती, असं?" रंगुबाईंनी विचारलं.

"तसंच म्हणा."

"मग बरोबर हाय. ताईबाईची आठवन आली की हितं कळच निघती." थोडं चालून गेल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "पर दुसऱ्याच्या पोटात कळ घालायची म्हंजी जोखीमच की ओ." तेव्हा मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ललिताचं काम निघालं. ललिता ही मच्छिंद्रची बायको. नदीच्या रस्त्याला त्यांचा मळा होता, कांदा, झेंडू, शेवंती. फुलं भल्या पहाटे पुण्याला जायची. घरात मच्छिंद्र, त्याची आई धुरपदा, ललिता आणि तिची दोन लेकरं. थोरला म्हस्कू चार वर्षांचा, आजोबांचं नाव ठेवलेला. धाकटी शेवंता अंगावर पिणारी. शेवंताच्या वेळी ललिताच्या अंगावरून इतकं गेलं होतं की रंगुबाईंच्या मांडीवर तिनं डोळे फिरवले. ती वाचली ते नशिबानं. पुढं डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "तिसरं झालं तर काही सांगता येत नाही. होईलही नीट, नाहीही होणार." डॉक्टरांच्या त्या बोलण्यातून ज्याला जे हवं होतं ते त्यानं घेतलं. धुरपदाबाईंनी 'होईलही नीट' घेतलं.

आम्ही गेलो तेव्हा धुरपदाबाई ओट्यावर शेवंतीच्या माळा ओवत होत्या. रंगुबाई पायरीवर बसल्या, मला सतरंजी मिळाली.

"रंगू, तू ज्यासाठी आलीस ते मला ठावं हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "एक डोळा म्हंजी डोळा न्हवं आन् एक लेक म्हंजी लेक न्हवं. अजून एक पोरगा हुंदे, मग मी सोता तिला घिऊन जाते."

"आन् तवर ती ऱ्हायली न्हाई तर?"

"आसं वंगाळ बोलू नगंस."

"मी वंगाळ बोलत न्हाई, मी बगितलंय," रंगुबाई म्हणाल्या. "तुमच्या घरात, त्या आतल्या खोलीत बगितलंय. ही पोरगी माझ्या मांडीवर गार पडली व्हती, धुरपदाबाई. तिचं तोंड तवा मला ताईबाईवानी दिसलं. तुमी बाहेर दिवा घिऊन हुब्या व्हता, तुमी ऐकलं न्हाई, मी ऐकलं. ती म्हनली, माझ्या म्हस्कूला सांभाळा. आता मला सांगा, अजून एक लेक हवा म्हनून हाय त्या लेकाची आई घालवायची का?"

धुरपदाबाईंच्या हातातली सुई थांबली. दाराच्या आत ललिता उभी होती, तिनं दाराची कड घट्ट धरलेली मला दिसली. मच्छिंद्र गोठ्याकडून येऊन केव्हा उभा राहिला होता कळलंच नाही. तो आईला म्हणाला, "आई, मी घिऊन जातो तिला." एवढंच बोलून तो बैल सोडायला निघून गेला.

शिरूरला ऑपरेशन झालं. मी ललिताबरोबर होते. रंगुबाई रोज एसटीनं ये-जा करून तिला भाकरी आणि दूध पोचवायच्या. टाके काढायच्या दिवशी ललिता हसत म्हणाली, "रंगूमावशी, आता मी म्हातारी हुईस्तवर मरत न्हाई."

दोन वर्षं चांगली गेली. ललिताच्या अंगावर मांस चढलं, ती फुलांचा हिशेब बघू लागली, वेगवेगळ्या काठांच्या साड्या नेसू लागली. धुरपदाबाईसुद्धा निवळल्या. म्हस्कू शाळेत जाऊ लागला होता. शहात्तर सालच्या माघात गुऱ्हाळं चालू होती. उसाच्या गाड्या गावातून जायच्या आणि शाळा सुटली की पोरं मागून लोंबकळून ऊस ओढायची. सगळीच पोरं ओढायची, त्यांच्या बापांनीही ओढला होता. म्हस्कूच्या हातात ऊस सुटून आला आणि तो मागं पडला. मागच्या गाडीचे बैल उतारावर होते, गाडीवानाला ते आवरले नाहीत. मला बोलवायला कुणी धावत आलं, मी गेले, पण माझं तिथं काही काम उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रंगुबाई आणि मी मळ्यावर गेलो. ओट्यावर बाया बसल्या होत्या. ललिता भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. रंगुबाई नेहमीच्या पायरीवर बसायला गेल्या, तेव्हा धुरपदाबाई म्हणाल्या, "वर बस, रंगू. आता कशाला खाली बसतीस? आमच्या घराचं काय व्हायचं ते तूच ठरवलंस न्हवं?" त्यांनी शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. रंगुबाई वर बसल्या नाहीत आणि खालीही बसल्या नाहीत. अंगणात तशाच उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं वळून चालू लागल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी कुठून तरी ऐकलं की पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनात बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडतात. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, जोडतात, पण फार थोड्यांना यश येतं. "थोड्यांना म्हंजी कुनाला तरी येतंच की," त्या म्हणाल्या. मच्छिंद्रला त्यांनी गाठलं, त्यानं होकार दिला, आणि आम्ही तिघी पुण्याला गेलो. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोट पुन्हा उघडावं लागेल, नळी जोडलीच तरी दिवस राहतीलच असं नाही, आणि राहिले तरी ललिताचं मागचं बाळंतपण पाहता त्यांनाच काळजी वाटते.

बाहेर बाकावर बसल्यावर रंगुबाई म्हणाल्या, "ललिता, करून बगू. मी तुझ्यापाशी ऱ्हाते. महिना ऱ्हावं लागलं तरी ऱ्हाते."

ललिता समोरच्या झाडाकडं बघत होती. मग म्हणाली, "नगं मावशी. परत पोट फाडायचं, आन् परत मरायची भीती. कुनासाठी? दुसरा झाला तरी तो म्हस्कू न्हाई."

रंगुबाईंनी तोंड उघडलं. त्यांचा हात पोटावर गेलेला मी पाहिला. मला वाटलं, आता त्या बोलतील, आणि त्या बोलल्या असत्या तर ललिता कदाचित तयारही झाली असती. त्या बोलल्या नाहीत. हात परत मांडीवर आला. आम्ही शिरूरच्या गाडीला बसलो. 

पावसाळा संपताना मच्छिंद्रनं दुसरं लग्न केलं. आईच्या माहेरच्या नात्यातली मुलगी, गरीब घरची. कायद्यानं हे चालत नव्हतं, पण तक्रार कोण करणार? ललितानंच हळद लावली असं गावात बोलत होते. मच्छिंद्र माझ्याकडं मलेरियाच्या गोळ्या न्यायला आला तेव्हा माझ्या नजरेला नजर देईना. "आईच्या तोंडाकडं बगवत न्हाई," एवढं म्हणाला. मला त्याचा राग आला, कीवही आली. दिवाळीच्या आधी ललिताचा भाऊ बबनराव नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून आला आणि तिला आणि शेवंताला होडीनं घेऊन गेला. भांडण झालं नाही. ती जाताना धुरपदाबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

याच वर्षी ऑपरेशनचे आकडे वरून येऊ लागले. अमुक गावातून अमुक इतकी झालीच पाहिजेत. जीप आली की पुरुष उसात जाऊन बसायचे. तालुक्याच्या साहेबांनी रंगुबाईंना बोलावून सांगितलं, "तुमच्या जिभेवर लोकांचा विश्वास आहे, तुम्ही पुढं व्हा." रंगुबाई जीपमध्ये बसल्या, गावोगाव उतरल्या, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. साहेब मला म्हणाले, "हिला काय झालं?" मी म्हटलं, "तब्येत बरी नाही." सत्त्याहत्तर साली सरकार बदललं आणि एका रात्रीत सगळं गप्प झालं. आता त्या विषयाचं नावही काढायचं नाही, असा वरचा सूर होता. रंगुबाईंना ते सोयीचं वाटलं असावं. त्या सुया उकळायच्या, पाणी भरायच्या, बाळंतपणं करायच्या. दारोदार जायचं काम मी एकटी करू लागले.

एके दिवशी दुपारी रंभा आली. ही रंगुबाईंच्याच वस्तीतली, दोन घरं सोडून राहणारी. नवरा हौशीराम शिक्रापूरला गाड्या भरण्याच्या कामावर जायचा. तिला पाच लेकरं होती, पाठीला पाठ लावून आलेली. अंगात रक्त नव्हतं, पापणी ओढून बघायचीही गरज नव्हती. ती माझ्याशी न बोलता रंगुबाईंसमोर बसली.

"मावशी, मी करून घेऊ का आपरेशन?"

रंगुबाई बाटल्या धूत होत्या. "नर्सबाईला इचार," त्या म्हणाल्या.

"त्यांला बी इचारते. पर तुमी काय म्हंता?"

"माझं काय? हौशीरामाला इचार. तो काय म्हंतो?"

"ते म्हंत्यात, तुझं तू बग. घरात सासू नगं म्हंत्यात."

"मग घरात बोल. समद्यांचं एक हुंदे. मग बगू."

मी पुढं झाले. रंभाला सगळं समजावून सांगितलं, तिच्या अंगातल्या रक्ताबद्दल, पुढच्या खेपेला काय होऊ शकतं याबद्दल. तिनं मान हलवून ऐकून घेतलं. पण बोलत होते मी आणि ती बघत होती रंगुबाईंच्या पाठीकडं. बाटल्या धुऊन झाल्या होत्या तरी रंगुबाई त्या पुन्हा धुवायला लागल्या. रंभा गोळ्यांची पुडी घेऊन गेली. मी दोनदा तिच्या घरी जाऊन आले, सासूनं दोन्ही वेळा चहा दिला आणि विषय दुसरीकडं नेला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा रंभाला दिवस गेले होते.

ती अठ्ठ्याहत्तरच्या भादव्यात गेली. मूल झालं, वार सुटेना, रक्त थांबेना. आम्ही तिला ट्रकमध्ये घालून शिरूरला निघालो. भर दुपारची वेळ होती आणि रस्ता चिखलानं भरलेला. तिचं डोकं रंगुबाईंच्या मांडीवर होतं. न्हावऱ्याच्या पुढं गेल्यावर रंगुबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "हळू चालीव आता. घाई न्हाई." मूल, मुलगा, मागं घरी सासूजवळ होता, तो जगला.

महिनाभर त्या कामावर यायच्या, काम करायच्या आणि जायच्या. सकाळी आधी रंभाच्या घरी जाऊन बाळाला न्हाऊमाखू घालायच्या. मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या नर्सबाई." मग एका रविवारी म्हणाल्या, "ललिताकडं जायचंय. तुमी येता का?"

होडीनं आम्ही पलीकडं गेलो. बबनरावाचा मळा काठापासून जवळच होता. ललिता झेंडू तोडत होती. बारीक झाली होती, पण चेहरा शांत होता. शेवंता तिच्या मागं मागं टोपली ओढत होती. आम्हाला पाहून ललितानं हातातली फुलं खाली टाकली, रंगुबाईंना वाकून नमस्कार केला आणि हाताला धरून त्यांना घरात नेलं. आतल्या घोंगडीवर बसवलं. भावजयीनं एकदा बघितलं, पण काही बोलली नाही.

चहा झाल्यावर रंगुबाईंनी तिला रंभाचं सगळं सांगितलं. ती कशी आली, काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. काही लपवलं नाही. ललिता ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मला सांगितलंत तसं तिला का न्हाई सांगितलं?"

"तुझं आसं झाल्यावर कोनत्या तोंडानं सांगू?"

"माझं झालं ते गाडीखाली झालं, मावशी. तुमच्या बोलन्यात न्हाई झालं."

"तुझा संसार गेला."

"गेला. मी रोज रडते, तुमाला खोटं कशाला सांगू? कवा कवा तुमचा बी राग येतो. तवा तुमी आला नसता तर बरं झालं असतं, आसं बी वाटतं." ललिता थांबली. शेवंता तिच्या मांडीत येऊन बसली होती, तिच्या केसांतलं गवत ती काढत राहिली. "पर ही हाय. हिला आई हाय. त्या रंभाच्या पोरांला कोन हाय?"

 ललिताला आपण फार बोललो असं वाटलं असावं. तिनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि "जेवून जावा," म्हणाली. आम्ही जेवलो. तिघी एकाच पंगतीला.

परतीच्या होडीत रंगुबाई पाण्याकडं बघत बसल्या होत्या. मध्यावर आल्यावर म्हणाल्या, "दोन्ही येळंला मला माझंच खरं वाटलं व्हतं, नर्सबाई. बोलले तवा बी, आन् गप ऱ्हायले तवा बी." मला त्यांना धीर द्यायचा होता. पण जे काही सुचत होतं ते सगळं तक्त्यावरच्या वाक्यांसारखं होतं, म्हणून मी बोलले नाही.

पुढं काही बदललं असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी प्रयत्न केला. एका वाडीवर मी त्यांना सोबत नेलं. चार लेकरांची एक बाई समोर बसली होती, ऐकायला तयारही होती. रंगुबाईंनी "माझी एक थोरली बहीन व्हती" इथपर्यंत सांगितलं. मग त्या अडखळल्या. बहिणीच्या जागी त्यांना कोण दिसत होतं कोण जाणे. त्यांनी ताईबाईचं सगळं सांगितलं, काही सोडलं नाही, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी सांगितल्यासारखं. ती बाई "बरं" म्हणून उठली. येताना रंगुबाई म्हणाल्या, "आता मला नेऊ नगा. माझ्यातलं ते गेलं."

एकोणऐंशीत माझं लग्न ठरलं आणि बदली झाली. माझ्या जागी आलेल्या नर्सला रंगुबाईंनी सगळी घरं दाखवली, कुणाच्या दारात कुत्रं आहे, कुणाची सासू कडक आहे ते सांगितलं. बायांशी बोलायचं मात्र तिलाच. निवृत्त होईपर्यंत त्या बाळंतपणं करत राहिल्या, आणि त्यांच्या हातून बाई दगावल्याचं पुन्हा कधी कानावर आलं नाही. रंभाचा धाकटा त्यांच्याकडंच वाढला. त्याला चालायला उशीर लागला म्हणून त्या त्याला कडेवर घेऊन उपकेंद्रात यायच्या, आणि काम करताना त्याला ओट्यावरच्या खांबाला लुगड्याच्या पट्टीनं सैलसर बांधून ठेवायच्या, खाली पडू नये म्हणून.